इंग्रजी कागदासमोर बसताना
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



मला दिलेला विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा चहाच्या रांगेत काय बोलणं चाललं होतं ते मी ऐकलंय. "इंग्रजीतल्या ऐतिहासिक साधनाचं विश्लेषण, तेही इंग्रजीत लिहायचं? आपण मोर्चे काढायचे की निबंध लिहायचे?" प्रश्न बरोबर आहे. पण आपल्यातल्या सहाजणींनी स्त्री-अभ्यासाच्या प्रमाणपत्र वर्गात नाव घातलंय आणि त्यांना दीड हजार शब्दांचं असं लिखाण पुढच्या महिन्यात द्यायचंय. बाकीच्या म्हणतील, आमचा काय संबंध? तो कसा आहे ते मी शेवटाकडे सांगेन. आधी माझी फजिती सांगते.

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. एम.एस.डब्ल्यू.ला आले तेव्हा एका विषयासाठी मला असंच लिखाण करायचं होतं. मी साधन निवडलं ते रखमाबाईंचं पत्र. १८८५ च्या जूनमध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आलेलं, बालविवाहावरचं. रखमाबाई आपल्याला माहीतच आहेत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, खटला झाला, पुढे त्या डॉक्टर झाल्या. मला वाटलं, एवढं माहीत आहे तर अर्धं काम झालंच. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि आठ पानं लिहिली. पहिलं वाक्य होतं, 'रखमाबाई वॉज अ ग्रेट अँड ब्रेव्ह वूमन.' शेवटचं वाक्यही साधारण तेच होतं. मधे त्यांचं सगळं चरित्र.

वही परत आली तेव्हा समासात लाल शाईनं लिहिलं होतं: हे भाषण आहे. पत्र कुठे आहे?

मी तेव्हा खूप रडले. इंग्रजी येत नाही म्हणून हिणवलं असंच वाटलं. वर्गात तसे अनुभवही होते. उच्चारावरून हसणारी मंडळी होती, आणि शिकवणाऱ्यांपैकी एकदोघं त्यात सामील असायचे. तो अपमान खराच होता आणि मी तो विसरलेले नाही. पण ह्या शेऱ्याचा आणि त्या अपमानाचा संबंध नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं. आठ पानांत मी त्या पत्रातलं एकही वाक्य नीट तपासलं नव्हतं. मराठीत लिहिलं असतं तरी शेरा हाच आला असता.

म्हणून पहिली गोष्ट. ही अडचण निम्मी इंग्रजीची आहे आणि निम्मी आपल्या सवयीची. आपल्याला भाषण करायची सवय आहे. भाषणात आपण आधी बाजू घेतो, मग पुरावे शोधतो. विश्लेषणात कागद आधी बोलतो. बाजू सोडायची नाही, पण तिला थोडा वेळ ओसरीवर बसवायचं.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी पत्र हातानं उतरवून काढलं. झेरॉक्सवर डोळा घसरतो, हात घसरत नाही. उतरवताना पहिल्यांदा लक्षात आलं की पत्राखाली रखमाबाईंचं नावच नाही! सही आहे 'अ हिंदू लेडी', एक हिंदू स्त्री. मी आठ पानं 'रखमाबाई म्हणतात, रखमाबाई सांगतात' असं लिहिलं होतं. पण त्या दिवशी पेपर उघडणाऱ्या वाचकाला रखमाबाई दिसत नव्हत्या, एक निनावी बाई दिसत होती. आपल्याला पुढची गोष्ट माहीत असते म्हणून आपण मागचा कागद चुकीचा वाचतो. त्या जूनमध्ये काय होतं? दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावलेला होता, निकाल यायचा होता. १८८५ मध्येच तिचे सावत्र वडील, डॉक्टर सखाराम अर्जुन, वारले होते. ती वीस वर्षांची होती. आपण डॉक्टर होणार हे तिला माहीत नव्हतं, आपण जिंकू की हरू हेही नाही. हे सगळं मनात ठेवून पत्र पुन्हा वाचलं की त्यातला धीर वेगळाच दिसतो. पण तो 'ब्रेव्ह' असं लिहून दाखवायचा नसतो, तारखा शेजारी ठेवल्या की तो आपोआप दिसतो.

आता त्या सहीकडेच थोडं थांबू या, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माल त्या तीन शब्दांत आहे.

रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिनं सखाराम अर्जुनांशी दुसरं लग्न केलं. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या लग्नाला मनाई नव्हती. म्हणजे लिहिणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या घरात पुनर्विवाह झालेला होता. आणि ती सप्टेंबरमधल्या दुसऱ्या पत्रात लिहिते कशावर, तर सक्तीच्या वैधव्यावर, आणि सही करते 'हिंदू लेडी' म्हणून. हा खोटेपणा आहे का? मला तसं वाटत नाही. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये दोन टिपणं काढली होती, एक बालविवाहावर, एक सक्तीच्या वैधव्यावर. साऱ्या देशात वाद त्याच दोन मथळ्यांखाली चालला होता. ह्या बाईला त्या वादात शिरायचं होतं, तर त्याच मथळ्यांतून शिरावं लागलं. आणि इंग्रजी वर्तमानपत्रात 'हिंदू चालीरीती' म्हटलं की वरच्या जातींच्या चालीरीती असाच अर्थ धरला जायचा. सुतारणीचा अनुभव, कुणबिणीचा अनुभव त्यात बसत नव्हता. म्हणजे जातीनं दिलेली एक मोकळीक तिच्या घरात होती आणि सहीत मात्र ती नाहीशी झाली. हे मी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी शोधलंय. कुणी सांगितलं नव्हतं. सही आणि घरची हकिगत शेजारी ठेवली, एवढंच.

त्याच पत्रात एक शब्दजोडी आहे, 'इग्नोरन्ट सिस्टर्स'. अज्ञानी बहिणी. आपल्याला वर यायचंय, शिकायचंय, आणि त्याकडे लोक संशयानं बघतात, अशा संदर्भात ती हे शब्द वापरते. पहिल्या वेळी मी ते गाळलेच होते. आपल्या नायिकेनं असं म्हणावं हे मला आवडलं नव्हतं. गाळणं हा मोठा गुन्हा आहे बरं का! जे खुपतं त्यावरच बोट ठेवायचं असतं. ह्या बहिणी कोण? त्या हे पत्र वाचणार होत्या का? नाही. 'टाइम्स' वाचणारे होते साहेब लोक, न्यायाधीश, वकील, इंग्रजी शिकलेले बाबू. त्यांच्यासमोर तिला म्हणायचंय की मी शिकायच्या लायकीची आहे. ते म्हणताना ती बाकीच्या बायकांपासून एक पायरी वर उभी राहते आणि 'बहिणी'ही म्हणते. दोन्ही एकदम. आपणसुद्धा अधिकाऱ्यांपुढे निवेदन देताना "खेड्यातल्या अशिक्षित बायका" म्हणतोच की. मग तिला लगेच दोषी धरायचं का? दोष द्यायचाही नाही आणि झाकायचंही नाही. ती कोणाला उद्देशून लिहीत होती त्यामुळे हे शब्द आले असावेत, इतकं म्हणायचं. 'असावेत' हा शब्द ह्या कामात फार उपयोगी आहे.

इथे कुणाला ताराबाई शिंदे आठवतील. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मधलं, म्हणजे अवघ्या तीन वर्षांआधीचं, पण मराठीत. ताराबाई पुरुषांशी सरळ त्यांच्या भाषेत भांडतात. रखमाबाई इंग्रजीत जातात, कारण त्यांना सरकारनं कायद्यानं काही करायला हवं आहे आणि सरकारचे कान इंग्रजी आहेत. भाषा कोणती निवडली हासुद्धा पुरावा असतो.

आता इंग्रजी लिहिण्याबद्दल. व्याकरणाचं मी सांगत नाही, ते तुम्हाला पुस्तकात मिळेल. माझं घोडं अडलं होतं ते क्रियापदावर. मराठीत आपण सगळीकडे 'म्हणते' वापरतो आणि आवाजावरून अर्थ कळतो. कागदावर आवाज नसतो. इंग्रजी विश्लेषणात 'सेज' वेगळं, 'आर्ग्यूज' वेगळं, 'क्लेम्स' वेगळं, 'अझ्यूम्स' वेगळं. नुसतं सांगते, कारणं देऊन मांडते, पुराव्याशिवाय दावा करते, न बोलता गृहीत धरते. ह्या चारांत फरक केला की निम्मं विश्लेषण होतं. मी तेव्हा चार रंगांच्या पेन्सिली घेऊन पत्रात खुणा केल्या होत्या. एक वाक्य, एक रंग. जिथे रंग ठरेना तिथेच खरी गंमत होती.

दुसरं, इंग्रजीतला कर्मणी प्रयोग. 'शी वॉज मॅरीड ॲट इलेव्हन' हे इंग्रजीत सुबक वाटतं. पण लग्न लावलं कोणी? मराठीत 'लग्न लावून दिलं' म्हटलं की घरची माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. तेव्हा जिथे माहीत आहे तिथे कर्ता लिहा. विद्यापीठातल्या लेखनात असं कर्ता लपवलेलं वाक्य भारदस्त मानतात. आपण तो भारदस्तपणा घेऊ नये असं माझं मत आहे. त्यासाठी दोन गुण गेले तर जाऊ देत.

आणि अवतरणचिन्हं. आपल्या पोस्टरवर रखमाबाईंचं तुरुंगाबद्दलचं वाक्य असतं, अवतरणात. हुकूम पाळण्यापेक्षा तुरुंगात जाईन अशी त्यांची भूमिका होती, हे पक्कं. पण अवतरणात घालायचं तर तेच शब्द कुठल्या कागदावर, कुठल्या तारखेला आहेत ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर चिन्हं काढा आणि 'अशी भूमिका घेतली' असं लिहा. पोस्टरचं काम वेगळं, ह्याचं वेगळं.

एका कागदावर थांबू नये, हे मला नंतर कळलं. पत्रानंतर मी निकाल काढून वाचला. 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई', इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा नववा खंड, पान ५२९. कायद्याच्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात सापडतो. तारीख २१ सप्टेंबर १८८५. न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. आपण सांगताना म्हणतो, 'न्यायाधीशांनी बाईची बाजू घेतली.' पण कागद काय म्हणतो? अशा बाईला जबरदस्तीनं त्या माणसाकडे पाठवणं रानटी आणि किळसवाणं होईल असं ते म्हणतात, हे खरं. पण निकाल उभा आहे तो एका उपसर्गावर. दावा होता 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स'चा, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर 'पुन्हा' काय स्थापन करायचं? जे नव्हतंच ते परत कसं द्यायचं? असा दावा लावण्याची रीत मूळ इंग्लंडातून आलेली, आणि तिथेही असा दाखला नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईच्या इच्छेचा प्रश्न त्यात येतो, पण पाया तो नाही. म्हणूनच तो पाया अपिलात टिकला नाही. १८८६ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला, खटला परत पाठवला, आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

ह्या सगळ्याच्या शेजारी मी आणखी एक तारीख ठेवली आणि माझे हात गार पडले. असा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकणं इंग्लंडनं स्वतःच्या बायकांपुरतं १८८४ मध्ये कायद्यानं बंद केलं होतं. म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी. इथे मात्र ते १९२३ पर्यंत चालू राहिलं.

दादाजींचा कागदही वाचायला हवा. १८८७ मध्ये त्यांनी आपली बाजू छापून काढली, तिच्या नावावर असलेल्या मालमत्तेसाठी माहेरच्यांनी तिला अडवून धरलं असा आरोप केला. रखमाबाईंनी त्याला 'बॉम्बे गॅझेट'मधून उत्तर दिलं. आपल्याला दादाजींचं वाचायचा कंटाळा येतो. 'केसरी'त टिळक तिच्या विरोधात लिहीत होते तेही नकोसं वाटतं. पण समोरच्याचा कागद वाचल्याशिवाय आपल्या बाईचा कागद कुठल्या वाराला अडवतोय ते कळत नाही. शेवट तर ठाऊक आहेच. १८८८ च्या जुलैमध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूम बजावायचा नाही असं मान्य केलं. आपण ह्याला विजय म्हणतो. मी माझ्या लिखाणात 'तडजोड' लिहिलं. कायदा होता तिथेच राहिला, एक बाई सुटली.

आता बाकीच्या जणींचा काय संबंध, ते सांगते.

आपल्या सल्लाकेंद्रात गेल्या पावसाळ्यात एक बाई आली. मारहाणीला कंटाळून दोन मुलं घेऊन माहेरी आलेली. हातात कोर्टाचा कागद. "ताई, नांदायचा दावा लावलाय त्यानं," ती म्हणाली. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. तेच रेस्टिट्यूशन! रखमाबाईंच्या दाव्याचंच नाव, सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपल्या टेबलावर. आंध्र उच्च न्यायालयानं १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. आता तुरुंग नाही. पण हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र आले नाहीत तर त्याच हुकमावर घटस्फोट मागता येतो.

कागद इंग्रजीत होता. मी तो तिला मराठीत सांगितला. 'वाजवी कारणाशिवाय' घर सोडून गेली, नवरा प्रेमानं वागवत होता, वारंवार बोलावूनही आली नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, ह्यात मी कुठाय?"

लाल शाईतला प्रश्न, पत्र कुठे आहे, तो मला तेव्हा आठवला. मग आम्ही दोघींनी त्या कागदाला तसंच धरलं जसं मी रखमाबाईंच्या पत्राला धरलं होतं. लिहिलाय कोणी? नवऱ्याच्या नावानं वकिलानं. कोणासाठी? कोर्टासाठी. कुठलं वाक्य नुसतं सांगतंय, कुठलं दावा करतंय, कुठलं गृहीत धरतंय? 'वारंवार बोलावलं' म्हणजे केव्हा, कोणाबरोबर निरोप पाठवला? एकही तारीख नाही. काय गाळलंय? मार तर गाळलाच, पण मुलंही गाळली आहेत. दोन लेकरांचा त्या चार पानांत एका ओळीत उल्लेख. आणि दाव्यावरची तारीख? तिनं पोटगीचा अर्ज दिला होता, त्याची नोटीस नवऱ्याला पोचल्यावर तीन आठवड्यांनी दावा दाखल झालेला. सरकारी दवाखान्यातला केसपेपर तिनं पिशवीत तळाशी जपून ठेवला होता, त्यावर त्याआधीची तारीख होती.

मी एक पानाचं टिपण केलं, इंग्रजीत, कारण आपल्या वकीलताईंना ते दाव्याशी ताडून बघायला सोपं जाणार होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. नवरा क्रूर आहे असं कुठेही लिहिलं नाही. फक्त तीन कागद आणि तीन तारखा एकाखाली एक. वकीलताईंनी ते जवळजवळ तसंच्या तसं उत्तरात घेतलं. दावा अजून चालू आहे. तारखा पडताहेत. ती तारखेला येते, कागदांची पिशवी आता प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये गेलीय, आणि कुठल्या कागदावर काय आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

तिला मी रखमाबाईंची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या बाईंना दोन हजार द्यावे लागले होय? आणि नवऱ्यानं घेतले?" हा प्रश्न मला आठ पानांत सुचला नव्हता. दोन हजारांचा कागद, म्हणजे तडजोडीचा, तो मी त्यानंतर पुन्हा वाचायला घेतला आहे.

आता जेवणानंतर तुम्हाला गटांत बसायचंय. प्रत्येक गटाला पिन्हींच्या निकालाची दोन पानं मिळतील आणि त्याबरोबर एक डिक्शनरी. इंग्रजी येणारी एकच जण सगळं वाचून दाखवणार असं होऊ देऊ नका. ओळी वाटून घ्या, अडलेल्या शब्दाला मराठीत आपण काय म्हणतो ते आधी फळ्यावर लिहा. 'कॉन्जुगल राइट्स'ला मागच्या शिबिरात एका आजींनी 'नांदवून घ्यायची मालकी' म्हटलं होतं, ते अजून माझ्या वहीत आहे. पहिला अर्धा तास कोणीही मत द्यायचं नाही. फक्त कोण, कोणाला, केव्हा, आणि काय गाळलं. मत चारनंतर. पेन्सिली मी आणल्यात, चार रंगांच्या, पण हिरव्या कमी आहेत, त्या दोन गटांना मिळून वापराव्या लागतील.